परिग्रहाचे पाच दोष आणि परदेशातील घरचा संगणक

परदेशात राहणाऱ्या कुटुंबाचा घरचा संगणक आकाराने लहान असला तरी जबाबदारीने मोठा असतो. गावच्या सातबाऱ्याच्या प्रती, भारतातल्या बँक खात्याचे व्यवहार, व्हिसाची कागदपत्रे, मुलांचा अभ्यास, आईवडिलांशी होणारे व्हिडिओ कॉल आणि कित्येक वर्षांची छायाचित्रे, एवढे सगळे त्या एका यंत्रातून चालते. असे यंत्र कोणते घ्यावे, त्यात अँटीव्हायरस कोणता ठेवावा आणि पुढे ते नीट कसे राखावे, हा प्रश्न वरवर बाजाराचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र भारतीय तत्त्वचिंतनाने फार पूर्वी हाताळलेला प्रश्न आहे: एखादी वस्तू आपली म्हटली की माणूस काय काय पत्करतो?

पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात पाच यम सांगितले आहेत. त्यांतला शेवटचा अपरिग्रह. त्याचे विवरण करताना व्यासभाष्य वस्तू बाळगण्यातले पाच दोष मोजते: अर्जन, रक्षण, क्षय, संग आणि हिंसा. वस्तू मिळवताना कष्ट पडतात, मिळाली की तिची राखण करावी लागते, राखली तरी ती झिजते, झिजेपर्यंत जीव तिच्यात अडकतो आणि तिच्यापायी कोणाला ना कोणाला इजा पोहोचते. हे दोष ज्याला दिसले त्याने वस्तू स्वीकारूच नये, असा भाष्याचा निष्कर्ष आहे. योगसाधकाला तो शोभतो. गृहस्थाला तो जसाच्या तसा पेलत नाही. संगणक नाकारला तर बँक, शाळा, वकिलात आणि गावचे घर यांच्याशी असलेला त्याचा व्यवहारच अडतो. म्हणून गृहस्थाच्या हाती हीच यादी वेगळे काम करते. दुकानातल्या चिठ्ठीवर फक्त अर्जनाचा आकडा असतो. उरलेले चार खर्च या यादीत दिसतात.

रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरने हे पाचही दोष एका वस्तूच्या बाबतीत पाहिले आहेत. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी, संकष्टी चतुर्थीच्या दिवशी, तिथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी सापडली. पेटीत एक किलोहून अधिक वजनाची सोन्याची गणेशमूर्ती होती. ती गावाच्या मंदिरात ठेवण्यात आली आणि समुद्रकिनाऱ्यावरचे हे शांत गाव सुवर्णगणेशाचे गाव म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जाऊ लागले. मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, मूर्ती चोरीला गेली आणि चोरांनी ती वितळवली. तपासात पोलिसांच्या हाती लागले ते वितळवलेले सोने. नव्याने घडवलेल्या मूर्तीची प्रतिष्ठापना नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. सुवर्णमूर्ती आणि संगणक यांत साम्य थोडेच आहे, पण बाळगण्याचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. जिथे दोघांची उत्तरे वेगळी पडतात, तिथे विचाराला अधिक जागा मिळते.

अर्जन

या किनाऱ्याला स्थलांतर नवे नाही. श्रीवर्धन आणि म्हसळा भागातल्या अनेक घरांतली माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत. याच जिल्ह्याच्या किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायल समाजातली बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला गेली आणि तिथेही मराठी बोलत राहिली. अशा कुटुंबाला संगणक घेताना पहिली निवड करावी लागते ती देशाची: भारतातून घेऊन जायचा की राहत्या देशात घ्यायचा?

याचे उत्तर बहुतेक वेळा किमतीपेक्षा दुरुस्तीच्या सोयीवर ठरते. बऱ्याच यंत्रांची हमी ज्या देशात विक्री झाली त्या देशापुरती असते. आंतरराष्ट्रीय हमी असली तरी तिच्या अटी वाचाव्या लागतात. विजेचा प्रश्न लॅपटॉपला फारसा पडत नाही, कारण त्याचे अडॅप्टर सहसा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालते. फक्त पिन बदलावी लागते: संयुक्त अरब अमिरातीत ब्रिटिश पद्धतीची तीन चौकोनी टोकांची, इस्रायलमध्ये तिथली वेगळी, अमेरिकेत दोन चपट्या पात्यांची. डेस्कटॉपच्या काही जुन्या वीजपुरवठा पेट्यांवर ११५ आणि २३० व्होल्टचे बटण असते. अमेरिकेतला तसा डेस्कटॉप ते बटण न फिरवता भारतात लावला तर जळतो. मराठी लिहिण्यासाठी मात्र आता भारतीय कीबोर्ड लागत नाही. इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी मांडणी कोणत्याही चालू प्रणालीत सुरू करता येते.

खरा निकष याच्याही पुढे आहे. संगणक विकत घेणारा प्रत्यक्षात त्या यंत्राला सुरक्षा-अपडेट मिळत राहील असा काळ विकत घेत असतो. विंडोज १० साठीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे उत्तम चालणारी लाखो यंत्रे एका तारखेपासून नियमित अपडेटच्या बाहेर पडली. जुने यंत्र स्वस्तात घेताना ही तारीख पाहिली नाही, तर किमतीत वाचलेले पैसे पुढे राखणीत जातात. गीतेच्या नवव्या अध्यायावर भाष्य करताना शंकराचार्य योग आणि क्षेम यांत भेद करतात: न मिळालेले मिळणे हा योग, मिळालेल्याचे रक्षण हा क्षेम. दुकानातल्या निवडीत माणसाचे लक्ष योगावर असते. ती निवड शहाणपणाची ठरते की नाही, हे पुढची पाच-सहा वर्षे क्षेम किती सुलभ राहतो यावर ठरते.

रक्षण

क्षेमाची जबाबदारी कोणाची, हा धार्मिक वाङ्मयातला जुना प्रश्न आहे. अनन्य भक्ताचा योगक्षेम भगवंत स्वतः वाहतो, असे गीता सांगते. शंकराचार्य तिथे एक शंका उपस्थित करतात: इतर भक्तांचा योगक्षेम तो वाहत नाही काय? त्यांचे उत्तर असे की वाहतोच. फरक एवढाच की इतर भक्त स्वतःसाठी स्वतःही धडपडतात आणि अनन्यदर्शी तशी धडपड करीत नाही. गृहस्थ या दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याची धडपड श्रद्धेच्या आड येते असे या भाष्यात कुठे म्हटलेले नाही.

देवाने स्वतःच्या मूर्तीचे रक्षण का केले नाही, असा प्रश्न दिवेआगरच्या दरोड्यानंतर अनेकांच्या मनात आला असेल. परंपरेने तो भार देवावर टाकलेलाच नाही. भारतीय कायदा देवतेला विधिमान्य व्यक्ती मानतो आणि मालमत्तेच्या बाबतीत तिला अज्ञान मुलासारखे संरक्षण देतो. प्रिव्ही कौन्सिलच्या १९२५ सालच्या मलिक खटल्यातल्या निर्णयाने ही भूमिका ठसठशीत केली. देवाचे दागिने, जमीन आणि मूर्ती राखण्याचे काम सेवेकऱ्यांचे, विश्वस्तांचे आणि पहारेकऱ्यांचे. म्हणजे ज्याने जगाचा क्षेम वाहावा, त्याच्या मूर्तीचा क्षेम माणसांनी वाहायचा असतो. घरातल्या यंत्राची राखण दैवावर सोडून देण्याला मग शास्त्राचा आधार उरत नाही.

संगणकाचा पहारेकरी म्हणजे अँटीव्हायरस. वैयक्तिक संगणकांवर पसरलेल्या पहिल्या विषाणूंपैकी एक, 'ब्रेन', १९८६ मध्ये लाहोरमधून निघाला आणि फ्लॉपीवरून जगभर गेला. त्यानंतर हा पहारा उद्योगच झाला. महाराष्ट्राचा त्यात ठळक वाटा आहे: कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० च्या दशकात पुण्यात उभा केलेला क्विक हील हा अँटीव्हायरस देशभरच्या घरांत पोहोचला. पहाऱ्याच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत प्रत्येक फाइल ज्ञात विषाणूंच्या खुणांशी ताडून पाहिली जाते. म्हणून खुणांची यादी रोज ताजी लागते. दुसरीत प्रोग्रॅमचे वागणे पाहिले जाते: एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फाइलींना कुलूप घालू लागला, तर तो अनोळखी असला तरी थांबवला जातो.

आजच्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर मुळातच असतो आणि काळजीने वागणाऱ्या घराला तो सहसा पुरतो. वेगळा अँटीव्हायरस घेतला की डिफेंडर मागे सरतो आणि त्याची मुदत संपली की पुन्हा पुढे येतो. अॅपलच्या यंत्रांतही अशी अंगभूत व्यवस्था आहे. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी जागते ठेवले तर ते एकमेकांनाच संशयित ठरवतात आणि यंत्र मंदावते. परदेशी राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहायची असते. अनेक कंपन्यांचे परवाने विक्रीच्या प्रदेशाशी बांधलेले असतात, त्यामुळे भारतात सुट्टीत घेतलेला परवाना दुसऱ्या देशात सुरू होईलच असे नाही.

पहारेकरी जितका समर्थ, तितका त्याच्यावर टाकलेला विश्वास मोठा. अँटीव्हायरसला प्रत्येक फाइल उघडण्याचा आणि प्रणालीच्या गाभ्यात बसण्याचा अधिकार द्यावा लागतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीचे एक सदोष अपडेट गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. जगभरची विमानतळे आणि रुग्णालये अडली. तो हल्ला नव्हता, पहाऱ्याचीच चूक होती. त्याच वर्षी अमेरिकेने कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या अँटीव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०२४ अखेर तिथल्या ग्राहकांची अपडेट थांबली. बंदी नसलेल्या देशांत तोच अँटीव्हायरस विकला जात राहिला. एका देशात मान्य असलेला पहारेकरी दुसऱ्या देशात अमान्य ठरू शकतो, हे स्थलांतरिताने जमेस धरायला हवे. चाचण्यांतले गुण पाहायचे, आणि त्याबरोबर कंपनी कोणत्या कायद्याखाली आहे, माहिती कुठे पाठवते, पैसे न भरल्यास काय चालू राहते, हेही पाहायचे.

कोकणात गावाच्या राखणदाराला वर्षातून एकदा राखण दिली जाते आणि त्या दिवसापुरती सगळ्यांना त्याची आठवण होते. वार्षिक वर्गणी भरून अँटीव्हायरसला विसरणारे घर असेच वागते. पण सीमेवरचा पहारा आतून उघडलेल्या दाराला अडवीत नाही. 'तुमच्या संगणकात विषाणू आहे, मी कंपनीतून बोलतो' असे सांगणाऱ्या अनोळखी माणसाला मालकाने स्वतःच दूरनियंत्रणाचा ताबा दिला, तर अँटीव्हायरसच्या दृष्टीने मालकाचीच इच्छा पार पडत असते. म्हणून रक्षणाचे निम्मे काम सवयींचे आहे. रोजच्या वापरासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते ठेवावे. प्रणाली आणि ब्राउझर आपोआप अपडेट होऊ द्यावेत. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड असावा आणि त्यासाठी पासवर्ड व्यवस्थापक वापरावा. जिथे बँक परवानगी देते तिथे पासवर्डनंतरची, ओळख पटवणारी दुसरी खूण एसएमएसऐवजी ॲपमधून घ्यावी. परदेशात ही शेवटची बाब फार अडचणीची ठरते, कारण भारतीय बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, आणि बराच काळ रिचार्ज न केलेला क्रमांक बंद होऊन पुढे दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. क्रमांक जिवंत ठेवणे हाही रक्षणाचाच भाग.

क्षय

उत्तम राखलेली वस्तूही झिजते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचे भाग घासतात. एसएसडी फार काळ विजेविना पडून राहिली तर तिच्यातली माहिती उडू शकते. घरी लिहिलेल्या सीडी आणि डीव्हीडी काही वर्षांत वाचेनाशा होतात. किनाऱ्यावरची खारट, दमट हवा यंत्रांना अधिक लवकर खाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, श्रीवर्धन तालुक्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, छपरे उडाली आणि अनेक गावांत वीज दीर्घकाळ नव्हती. परदेशातल्या मुलांनी गावच्या कपाटात ठेवलेल्या डिस्कचे अशा दिवशी काय होते, हे अँटीव्हायरसच्या कक्षेबाहेरचे आहे.

क्षयाला उत्तर एकच: प्रती. या क्षेत्रातला रूढ नियम असा की महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. दोन देशांत घर असलेल्या कुटुंबाला हा नियम पाळणे सोपे जाते. एक प्रत राहत्या घरी बाहेरच्या डिस्कवर, एक ऑनलाइन साठ्यात आणि एक दरवर्षी सुट्टीत गावी नेऊन बदलायची. त्यातली निदान एक प्रत एरवी संगणकाला जोडलेली नसावी, कारण जोडलेली डिस्क विषाणूलाही उघडी असते. आणि प्रत केली एवढ्याने भागत नाही. अधूनमधून तिच्यातून एखादी फाइल परत काढून पाहावी लागते.

दिवेआगरने काळापुढे टिकण्याचा वेगळा नमुनाही दाखवला आहे. इथला शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट आद्य मराठी कोरीव लेखांत गणला जातो. साडेनऊशे वर्षांनंतरही तज्ज्ञ तो वाचू शकतात, कारण अक्षर धातूत कोरलेले आहे आणि लिपीची परंपरा तुटलेली नाही. उलट १९९० च्या दशकात निरनिराळ्या फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर, तो फाँट नसला की, आज निरर्थक चिन्हांची रांग दिसतो. ती फाइल शाबूत असते, एकही अक्षर पुसलेले नसते, तरी अर्थ गेलेला असतो. झीज साधनाची होते तशी संकेताचीही होते. जुने लेखन युनिकोडमध्ये आणून सर्वत्र उघडणाऱ्या साध्या स्वरूपात ठेवणे हे म्हणूनच देखभालीचे काम आहे. ऑनलाइन साठ्यालाही मुदत असते. दोन वर्षे वापर नसलेली वैयक्तिक खाती हटवण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. वडिलांच्या नावावरच्या खात्यात पडून असलेली छायाचित्रे अशीच जाऊ शकतात.

मूर्ती आणि माहिती यांचा मार्ग इथे वेगळा होतो. दरोड्यानंतर धातू उरला आणि रूप गेले. संगणकात, प्रत असेल तर, धातू गेला तरी रूप उरते, कारण फाइलची प्रत मूळ फाइलहून कोणत्याही अंगाने उणी नसते. मूर्तीच्या बाबतीत परंपरेचे उत्तर प्रतिष्ठेचे आहे: नवी मूर्ती घडवली जाते आणि विधीने तिच्यात देवत्वाचे आवाहन होते. पूज्यता धातूच्या वजनात नसते, म्हणून नवी मूर्ती जुनीची नक्कल ठरत नाही. माहितीला प्राणप्रतिष्ठेची गरज नाही, पण तिला आधीपासून केलेली प्रत हवी. हरवल्यानंतर ती कोणत्याही विधीने परत येत नाही.

संग

जैन तत्त्वार्थसूत्र परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून करीत नाही, मूर्च्छेवरून करते: वस्तूत मन गुंतणे हाच परिग्रह. व्यासभाष्यातला संग त्याच्या जवळचा. घरचा संगणक हे दोन्ही विचार नीट तपासून पाहण्याची जागा आहे, कारण त्याचे बाजारमूल्य दरवर्षी घटते आणि त्यातला जीव दरवर्षी वाढतो. दुरून पाहिलेला घरचा गणपती, आजीचा ध्वनिमुद्रित आवाज, वादळापूर्वीच्या वाडीची छायाचित्रे, यांना दुकानात किंमत नाही. परदेशातल्या घरात तीच सगळ्यांत मौल्यवान असतात.

खंडणी मागणारे विषाणू नेमके याच गुंतवणुकीवर जगतात. दिवेआगरच्या दरोडेखोरांना मूर्तीचे सोने हवे होते. त्या सोन्याला मूर्ती नसतानाही बाजारात भाव होता. कुटुंबाची छायाचित्रे कुलूपबंद करणाऱ्याला त्या छायाचित्रांचा काडीइतका उपयोग नसतो. मालकाचा जीव त्यांत किती अडकला आहे, तेवढीच त्यांची किंमत, आणि तीच तो मालकाला परत विकतो. संग नसता तर त्या गुन्ह्याला विकायला काही उरले नसते. तरी यावर वैराग्याचा उपदेश पुरा पडत नाही. ज्याच्याकडे दुसरी, सुरक्षित प्रत आहे त्याचा जीव छायाचित्रांत तितकाच असतो, पण तो यंत्रात अडकलेला नसतो. प्रत ठेवणे हे क्षयावरचे औषध आहे आणि संगावरचेही, कारण त्याने माणसाची ओढ वस्तूवरून सुटून तिच्यातल्या आशयाकडे जाते.

संगाचा दुसरा चेहरा साठवणीचा. जागा स्वस्त झाल्यामुळे काहीच टाकले जात नाही: एकाच प्रसंगाची चाळीस छायाचित्रे, जुन्या पारपत्रांच्या प्रती, बंद झालेल्या खात्यांची विवरणपत्रे. जे ठेवले आहे ते राखावे लागते आणि जे राखले जात नाही ते गळते. ओळखपत्राची विसरलेली प्रत चोराच्या उपयोगी पडते, मालकाच्या नाही. गांधींच्या आश्रमातल्या एकादश व्रतांत असंग्रहाचा समावेश होता, आणि पेण तालुक्यातल्या गागोदे इथे जन्मलेल्या विनोबांनी ती व्रते आयुष्यभर मांडली. वर्षातून एकदा फाइली चाळून नको ते पुसणे हे त्या व्रताचे अगदी लहान, पण खरे आचरण आहे. आपल्यामागे कोणाला काय उघडता यावे, हे गूगल आणि अॅपलच्या वारस-सोयींत आधीच नोंदवणे हाही त्याचाच भाग.

हिंसा

पहिल्या चार दोषांचा त्रास बाळगणाऱ्याला होतो. पाचव्याचा दुसऱ्यांना होतो, म्हणून नैतिक दृष्टीने तो सर्वांत जड. सोन्याच्या मूर्तीपायी जीव गेला तो तिच्या मालकांचा नव्हे, रात्रपाळीच्या पगारी माणसांचा. मौल्यवान वस्तू उघड्यावर ठेवून तिच्यापुढे माणूस उभा करणे म्हणजे धोका त्या माणसाच्या अंगावर सोपवणे, हा विचार कोणत्याही देवस्थानाला टाळता येत नाही.

संगणकाची हिंसा दिसत नाही, कारण तिचा बळी दूर असतो. विषाणूने ताब्यात घेतलेले घरचे यंत्र मालकाला थोडेसे मंद वाटते. त्याच वेळी ते इतर हजारो यंत्रांसह एखाद्या संकेतस्थळावर हल्ला करीत असते किंवा फसवणुकीचे संदेश पाठवीत असते. २०१६ मध्ये 'मिराई' या विषाणूने कारखान्याचेच पासवर्ड राहिलेले कॅमेरे आणि राउटर गोळा केले आणि त्यांच्या बळावर अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास अडवली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याची कल्पनाही नव्हती. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणी मागणाऱ्या विषाणूने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतली रुग्णालये अडवली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. त्याच वर्षी २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालेला हा विषाणू मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट रायगड जिल्ह्यात पोहोचला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम बंद पडले. एका देशातल्या यंत्रांची फट दुसऱ्या देशातल्या माणसांच्या कामावर कशी येते, याचे उदाहरण या किनाऱ्याला दूर शोधावे लागत नाही.

यामुळे अपडेट आणि अँटीव्हायरस यांचा नैतिक दर्जा बदलतो. स्वतःच्या मालाच्या राखणीत ढिलाई केली तर तो स्वतःचा तोटा, असे म्हणता येते. पण जोडलेल्या यंत्राची ढिलाई ही शेजाऱ्याला पोहोचणारी इजा आहे, आणि ती अहिंसेच्या कक्षेत येते. भारतात यंत्र असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ची मोफत साधने वापरता येतात. हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले. फसवणूक झाल्यास १९३० हा क्रमांक आहे. परदेशात असताना त्या देशाची तशी यंत्रणा आधीच शोधून ठेवावी.

दान आणि विसर्जन यांतही हिंसेचा प्रश्न येतो. सुट्टीत येताना जुना लॅपटॉप गावी आईवडिलांसाठी आणण्याची रीत सर्वत्र आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले असावे असे म्हटले आहे. अपडेट बंद झालेले यंत्र फसवणुकीचे फोन ओळखू न शकणाऱ्या माणसाच्या हाती देणे या कसोटीवर उतरत नाही. द्यायचेच असेल तर त्यात पाठिंबा चालू असलेली प्रणाली घालून, जुनी खाती पुसून आणि दूरवरून मदत करण्याची सोय लावून द्यावे. जे देण्याजोगे उरले नाही ते भंगारवाल्याकडे न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावे. तारा जाळून तांबे काढणाऱ्याच्या फुप्फुसात जो धूर जातो, तोही त्या परिग्रहाचाच हिशेब आहे. भारताचे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत.

परिमाण

गृहस्थाने सगळे सोडावे असे जैन परंपराही सांगत नाही. श्रावकाच्या व्रतांत ती परिग्रह-परिमाण ठेवते: किती बाळगायचे त्याची मर्यादा स्वतः आखायची आणि तिच्यापुढे जायचे नाही. व्यासभाष्यातली पाच दोषांची यादी आणि हे व्रत एकत्र ठेवले की परदेशातल्या घराला उपयोगी पडेल असे माप मिळते. जितकी यंत्रे, खाती आणि फाइली पाचही अंगांनी सांभाळता येतील, तितकीच बाळगावीत. प्रत्येक यंत्राबद्दल विचारायचे प्रश्न थोडेच आहेत: त्याचे अपडेट कधीपर्यंत मिळणार, त्याचा पहारा कोण करतो आणि त्या पहारेकऱ्याला किती अधिकार दिला आहे, त्यातल्या माहितीची दुसरी प्रत कुठे आहे, त्यातले काय पुसता येईल, आणि ते बिघडले तर कोणाला इजा होईल. ज्या यंत्राबद्दल ही उत्तरे देता येत नाहीत, ते कितीही स्वस्त पडले असले तरी त्या घराच्या परिमाणाबाहेरचे आहे.

अर्जन, रक्षण, क्षय आणि संग यांच्या बाबतीत घराघरांत मतभेद राहू शकतात. कोणी स्वस्त यंत्र घेईल, कोणी अंगभूत पहाऱ्यावर विसंबेल, कोणी जुनी छायाचित्रे गेली तर जाऊ देईल. त्या निवडीचा भार त्याच्याच शिरावर पडतो. हिंसेच्या बाबतीत ती मोकळीक नाही. म्हणून ज्याला बाकी काही करायला वेळ किंवा इच्छा नाही, त्यानेही जोडलेले प्रत्येक यंत्र अद्ययावत ठेवावे, आणि तेही जमत नसेल तर ते जाळ्यातून काढून घ्यावे.